दुसऱ्या बंदुकीचा तपास

ते प्रकरण अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि खरं सांगायचं तर ते हलावं असं मला वाटतही नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता विसरलो. निवृत्त होऊन बडनेऱ्याला राहायला आलो. सकाळी फिरून येतो, दुपारी झोपतो आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे उरलेल्या वेळात तिची उलटतपासणी घेतो. पण कोणी विचारलं, "साहेब, तुमच्या नोकरीतली सगळ्यात समाधानाची केस कोणती?" तर मी जी सांगतो तिच्यात मी एकही आरोपी पकडलेला नाही. ऐकणारा हिरमुसतो. मी मात्र सांगतोच.

अमरावती-अकोला रस्त्यापासून थोडं आत एक तालुक्याचं गाव आहे. नाव देत नाही, तिथल्या लोकांनी पुरेसं सोसलं आहे. मी तिथे ठाणेदार म्हणून बदलून गेलो तेव्हा त्या गोळीबाराला अकरा महिने झाले होते. गुरुवारच्या बाजारात, भर दुपारी, एका माणसाने परवान्याच्या दुनळी बंदुकीतून गर्दीवर गोळ्या झाडल्या. चार माणसं गेली, अकरा जखमी झाली. शेवटी भाजीवाल्यांनी मागून अंगावर पोतं टाकून त्याला धरला. तो कोण, त्याने हे का केलं, याबद्दल मी लिहिणार नाही. त्याच्यावर तेव्हा पुष्कळ शाई सांडून झाली. तो तुरुंगात होता, दोषारोपपत्र न्यायालयात गेलं होतं. मला चार्ज देणारे अधिकारी हसून म्हणाले, "ते प्रकरण आपल्याकडून संपलंय. त्याचा तुम्हाला काही त्रास नाही."

पहिल्याच आठवड्यात मी जमादाराबरोबर एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आलूबोंडा खात बसलो होतो. रस्त्यावरून एका पोराने बुलेट नेली आणि सायलेन्सरचा फटाका वाजवला. मी मान वर केली, तर हॉटेलात माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. सगळे टेबलांखाली होते. गल्ल्यावरचा मालक, वेटर, शाळेतले दोन मास्तर आणि माझा जमादारसुद्धा. मग एकेक जण उठला, कपडे झटकले आणि काहीच झालं नाही असं दाखवत चहा प्यायला लागला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "फार भित्रं गाव आहे हो."

जमादार म्हणाला, "साहेब, मीबी याच गावचा आहो."

मला माझी जीभ चावावीशी वाटली. हा माणूस एकट्याने एका हल्लेखोराच्या हातून विळा हिसकावून घेतलेला, दोनदा शौर्याचं बक्षीस मिळालेला. त्याच्याबद्दल मी हे बोललो होतो.

त्यानंतर मी गाव नीट पाहायला लागलो. गुरुवारचा बाजार जुन्या मैदानात बसतच नव्हता. तो डांबरी रस्त्याच्या कडेने एका ओळीत बसायचा, कारण ओळीत बसलं की पळायला दोन्ही बाजू मोकळ्या. ट्रक अंगावरून जात, पण तिकडे कोणाचं लक्ष नसे. बाया अर्ध्या तासात भाजी घेऊन घरी. लग्नाच्या वरातीत फटाका नाही, पोळ्यालाही नाही. हॉटेलात भिंतीला टेकून बसायच्या जागा आधी भरत. अमरावतीहून एक समुपदेशक बाई दोनदा येऊन गेल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. लोक म्हणाले, "आमाले काय येड लागलं का?"

आणि जरा खोदलं की प्रत्येकजण एकच गोष्ट सांगायचा. बंदुका दोन होत्या. एक धरली, दुसरी मोकळी आहे.

मी जुनी कागदपत्रं काढली. पंचनाम्यात नऊ रिकामी काडतुसं होती आणि नऊच्या नऊ त्याच दुनळीतून सुटलेली, असा तज्ज्ञांचा अहवाल होता. पण साक्षीदारांचे चाळीस जबाब होते आणि त्यातल्या बहुतेकांनी पंधरा-वीस आवाज ऐकले होते. काही लिंबाच्या झाडाकडून, जिथे तो माणूस उभा होता. आणि काही अगदी उलट दिशेने, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बंद पडलेल्या पत्र्याच्या गोदामाकडून. तपास करणाऱ्यांनी शेरा मारला होता, 'गोंधळामुळे साक्षीदारांची गफलत.' मीही ते वाचून मान डोलावली आणि फाईल बांधून ठेवली.

दोन दिवसांनी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना गावातला एक कापड दुकानदार आला. त्याचा धाकटा भाऊ त्या गेलेल्या चौघांत होता. चाळिशीचा, इस्त्रीचा सदरा, पण दाढी चार दिवसांची. समोर बसला आणि टेबलावर एक घडी केलेला कागद ठेवला.

"साहेब, दुसरा मानूस मले माहीत हाय," तो म्हणाला.

कागदावर एक नाव होतं. बाजारात काठ्या विकणारा माणूस. बैलांसाठी तुतारी लागते, म्हणजे टोकाला आर लावलेली हाकायची काठी. ती, शिवाय कुऱ्हाडीचे, फावड्याचे दांडे असा त्याचा माल. सतरा वर्षं त्याच बाजारात, त्याच जागी बसणारा.

"गोदामाच्या अंगाले तोच दिसला," दुकानदार म्हणाला. "हातात लांब, गोनपाटात गुंडाळलेलं. पाहनारे पाच जन हायेत. त्या दिवसापासून तो या बाजारात आलाच नाही. काहून नाही आला? तुमच्या लोकायनं त्याचा जबाबबी घेतला नाही."

आता हे सगळं खरं होतं. आणि माझ्यापुढे भाऊ गमावलेला माणूस बसला होता. मी म्हणालो, "चौकशी करतो."

इथे माझ्या हातून चूक झाली, आणि ती मी कबूल करतो. साध्या वेशातला एक शिपाई पाठवून त्या माणसाला निरोप देता आला असता. मी जीप पाठवली. तो त्या दिवशी नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात बसला होता. भर बाजारातून त्याला वर्दीतल्या दोन शिपायांनी जीपमध्ये घातलं आणि अकरा वाजता, सगळा तालुका तहसीलच्या कामासाठी रस्त्यावर असताना, ठाण्याच्या दारात उतरवलं. पोलिसांनी नेलं म्हणजे काहीतरी असणारच, हा आपल्याकडे मोठा पुरावा आहे. त्याला पंच लागत नाहीत.

माणूस पंचेचाळिशीचा, हडकुळा, हाताला घट्टे. खुर्ची दिली तर काठावर बसला.

"त्या दिवशी गोदामाकडून पळालास?"

"हो जी."

"हातात काय होतं?"

"काठ्या."

"काठ्या घेऊन कोणी पळतं का?"

तो तळहाताचे घट्टे चोळत राहिला.

"बरं, परत बाजारात का नाही आलास? सतरा वर्षांची जागा सोडून पार नांदगावला जातोस?"

मी आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला. बायको, पोरं, शेती, सगळं विचारलं. त्या सगळ्याची सरळ उत्तरं दिली. गाडी त्या दिवसावर आली की मान खाली. चहा मागवला. चोर चहा घेतो. सराईत असला तर दुसरा मागतो. हा कप दोन्ही हातांत धरून बसला आणि त्याने तो तसाच गार केला. तेव्हा मला पहिली शंका आली की हा काहीतरी लपवतोय खरं, पण ते माझ्या कामाचं नाही.

आमच्या जमादाराला सतत काहीतरी तोंडात टाकायची सवय. त्याने खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, चार दाणे स्वतः खाल्ले आणि पुडी त्या माणसापुढे सरकवली. "घे बावा. उपाशी असशील."

त्या माणसाने पुडीकडे पाहिलं. मग ती हाताने लांब ढकलली आणि ढसाढसा रडायला लागला. मी खूप माणसं रडताना पाहिली आहेत. काही रडून वेळ काढतात, काही आपल्याकडे चोरून पाहत रडतात. हा भिंतीकडे तोंड करून रडला.

पाच मिनिटांनी बोलता झाला. त्याच्या शेजारी बाजारात एक फुटाणेवाली बसायची. साठीची, गुडघे गेलेली. बसली की दुसऱ्याच्या हाताशिवाय उठता येत नसे. सतरा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी हाच तिला हात देऊन उठवायचा. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिने याच्याकडे हात पुढे केला.

"'भाऊ, उठव मले,' असं म्हने," तो म्हणाला. "तिचा हात माह्याजवय आलता, साहेब. एवढा जवय. मले दिसला तो हात. अन् मी वाकलो, अन् काठ्यायचा भारा उचलला अन् पयालो. काहून उचलला, मले आजबी सांगता येत नाही. दोन काठ्या मोडक्या होत्या त्यात. मानूस ठेवला अन् काठ्या नेल्या. तिच्या पायात छर्रे घुसले. कोन्या तोंडानं त्या बाजारात बसू?"

जमादाराने पुडी उचलून हळूच खिशात घातली.

माझी खात्री पटली. पण माझ्या खात्रीला बाहेर कोण विचारतो? दुपारी तीनपर्यंत ठाण्यासमोर तीनशे-चारशे माणसं जमली. मी बाहेर जाऊन सांगितलं, "चौकशीला बोलावलं होतं. आरोपी नाही." त्यावर मागून आवाज आला, "किती घेतले?" एक दगड आला आणि ठाण्याच्या पाटीवर लागला. संध्याकाळी त्याच्या गावाहून फोन आला, की कोणीतरी त्याच्या घराची कडी तोडली आणि बायकोला सांगितलं, दोन दिवसांत गाव सोडा. मी त्याला मागच्या दाराने काढून, त्याच्या बायका-पोरांसह अकोल्याला त्याच्या साळ्याकडे पोचवलं. एका निरपराध माणसाला त्याच्या घरातून उठवायचं काम मी एका जीपने एका दिवसात केलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता उपाय एकच होता. दुसरी बंदूक नव्हती हे सिद्ध करायचं. नसलेली वस्तू नाही हे सिद्ध करणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि जमादार रिकाम्या मैदानात गेलो. मध्ये सिमेंटच्या ओट्यांच्या तीन रांगा, एका टोकाला लिंब, दुसऱ्या टोकाला ते उंच पत्र्याचं गोदाम. एका ओट्याआड कुत्रं झोपलेलं. जीप लिंबाखाली लावून मी नकाशा काढून उभा होतो. जमादाराला जीपचं दार हळू लावणं जन्मात जमलं नाही. त्याने ते धाडकन आपटलं. कुत्रं दचकून उठलं आणि भुंकायला लागलं. पण जीपकडे नाही. ते गोदामाकडे तोंड करून भुंकत होतं.

मी म्हणालो, "पुन्हा आपटा."

"काय जी?"

"दार आपटा. जोरात."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या हुकमाने दार आपटलं. मी कुत्र्याच्या ओट्याआड जाऊन बसलो होतो. जीपचा आवाज ओट्यांनी अडवलेला, दबका आला, आणि मागोमाग गोदामाच्या पत्र्यावरून दुसरा आला, तो मात्र खणखणीत. खाली बसलेल्या माणसाला वाटावं, दार तिकडेच वाजलं. बाजारातली माणसं गोळ्या सुरू झाल्यावर काय करणार? ओट्यांच्या आडोशाला खालीच बसणार. चाळीस जणांचे जबाब मला आठवले. गफलत त्यांची नव्हती, आमची होती.

तिथून मी फुटाणेवाल्या मावशीकडे गेलो. ती आता बाजारात बसत नव्हती, घराच्या दारातच मांडून बसायची. मी खाट मागितली नाही, उंबऱ्यावर बसलो. तिने मला नीट न्याहाळलं.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही शेवटपर्यंत तिथेच होता. गोदामाकडे कोणी बंदूकवाला दिसला का?"

"कोनी नव्हतं. माह्यं तोंड तिकडंच होतं. तो काठ्यावाला तेवढा पयत गेला. मले तर सगये येडे वाटले. लोक गोदामाकडं पयत, अन् मंग तिकडून बंदूक वाजल्यावानी माघारी फिरत, त्याच बंदूकवाल्या मुडद्याकडं."

"हे तुम्ही जबाबात का नाही सांगितलं?"

"तुमच्या पोलिसायनं दवाखान्यात मले एवढंच इचारलं, कोनत्या पायाले लागलं. म्या सांगतलं, डाव्या. ते लिवून घेऊन गेले."

मग मी तिला काठ्यावाल्याचं सांगितलं. काठ्यांचा भारा, तिचा हात, सगळं. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती चिडली, पण भलत्याच गोष्टीवर.

"पयाला त्याचा राग हाय का मले? माह्ये गुडघे बरे असते तर मी त्याच्यापुढं पयाली असती, त्याले पाडून! पन माह्या पोरीच्या लग्नात पंगत वाढाले होता तो. अन् दीड महिना मी दवाखान्यात पडली, तर मेला पाहाले आला नाही. वरीस झालं, तोंड नाही दाखवलं. त्याचा राग हाय. सांगा त्याले."

हा निरोप मी वहीत शब्दशः लिहून घेतला. सरकारी डायरीत तो आजही असेल.

त्यानंतर मी वरिष्ठांना फोन करून माझा बेत सांगितला. ते म्हणाले, "घाबरलेल्या गावात तुम्ही सुतळी बॉम्ब फोडणार?" मी म्हणालो, "सांगून फोडणार, सर." तेवढ्या एका शब्दावर परवानगी मिळाली.

दोन दिवस ऑटोला भोंगा लावून गावभर पुकारलं. मजकूर जमादाराचा होता. 'बुधवारी दुपारी चार वाजता जुन्या बाजारात पोलीस तीन सुतळी बॉम्ब फोडणार आहेत. तीनच. ज्यांना आवाज सहन होत नाही त्यांनी खुशाल गावाबाहेर जावं. लाज वाटू देऊ नये. आम्हालाही भीती वाटते.' शेवटची दोन वाक्यं मला दाखवली नव्हती. भोंग्यावर ऐकली तेव्हा मी रागवायला निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. रुग्णवाहिका आणि डॉक्टर सांगून ठेवले. अमरावतीच्या समुपदेशक बाईंनाही बोलावून घेतलं.

मला वाटलं होतं शे-दोनशे लोक येतील. निम्मं गाव आलं. अकरा महिन्यांनी त्या मैदानात पाय ठेवत होते लोक. कडेकडेने, एकमेकांचा हात धरून. कापड दुकानदार एकटाच येऊन उभा राहिला. मी सगळ्यांना विनंती केली की त्या दिवशी जो जिथे होता तिथेच त्याने जाऊन बसावं, आणि ज्याला नको असेल त्याने बाहेर थांबावं. हळूहळू लोक ओट्यांच्या आड जाऊन बसले. आपापली जागा कोणी विसरलं नव्हतं.

जमादार लिंबाखाली गेला. मी मोठ्याने तीन आकडे मोजले. पहिला बॉम्ब फुटला.

खोटं कशाला सांगू, मीही खाली वाकलो. बाया किंचाळल्या, दोघं-तिघं उठून पळाले, एक म्हातारे गृहस्थ कान दाबून थरथरत राहिले. समुपदेशक बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी पाच मिनिटं थांबलो. कोणी थांबवा म्हणालं नाही. उलट पळालेले दोघं परत आले.

"आता डोळे मिटा," मी म्हणालो. "आवाज जिकडून येईल तिकडे बोट करा. मी सांगेपर्यंत डोळे उघडू नका आणि बोट हलवू नका."

दुसरा बॉम्ब फुटला. शेकडो हात वर झाले. काही लिंबाकडे. आणि ओट्यांच्या आडचे, कितीतरी, गोदामाकडे.

"उघडा डोळे."

नवरा लिंबाकडे बोट करून बसलेला, बायको गोदामाकडे. मास्तर एकीकडे, विद्यार्थी दुसरीकडे. आणि गोदामापाशी कोणीच नव्हतं. फक्त उन्हात तापलेला पत्रा. जमादार लिंबाखाली धुरात खोकत उभा होता, एकटा.

कोणीतरी हसलं. मग कोणीतरी रडलं. मग सगळेच बोलायला लागले, एकाच वेळी, मोठमोठ्याने. "म्या सांगत नव्हतो का, मले तिकडून ऐकू आलं!" "मंग मी खोटी होती का?" अकरा महिने जे घराघरात दबक्या आवाजात चाललं होतं ते उघड्यावर आलं. कोण कुठे लपला, कोणी कोणाला ढकललं, कोणाची चप्पल राहिली, कोणाचा हात सुटला. मला वाटत होतं, आपला काठ्यावाला एकटाच लाज घेऊन फिरतोय. तिथे प्रत्येकाजवळ स्वतःचा काठ्यांचा भारा होता.

कापड दुकानदाराचं बोट अजून गोदामाकडेच होतं. मी त्याच्याजवळ गेलो.

"माहा भाऊ गोदामाकडंच पयाला होता, साहेब," तो म्हणाला. "दुकानातून मले दिसत होता. वाचलाच होता तो. अन् मधातूनच माघारी फिरला. अकरा महिने झाले, मी रोज सोताले इचारतो, काहून फिरला? इतका कसा येडा? मले वाटे, समोरून कोनीतरी बंदूक रोखली असंन त्याच्यावर."

"त्याला तसंच वाटलं. तो वेडा नव्हता. त्या जागी मी असतो तर मीही फिरलो असतो."

तो ओट्यावर बसला आणि सावकाश हात खाली घेतला. "म्हंजे कोनीच नव्हतं तिकडं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "अन् मी त्या गरिबाचं नाव कागदावर लिवून देल्लं."

तिसरा बॉम्ब आम्ही फोडला नाही. जमादाराच्या आग्रहाखातर तो पाण्याच्या बादलीत बुडवून, रीतसर नोंद करून नष्ट केला.

काठ्यावाला अकोल्याहून परत यायला तयार नव्हता. मी त्याला फोनवर मावशीचा निरोप वाचून दाखवला, 'मेला' या शब्दासकट. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आला. मी त्याला तिच्या दारापर्यंत सोडलं आणि लांब उभा राहिलो. लांब उभं राहून काही उपयोग नव्हता, कारण मावशीचा आवाज तीन गल्ल्यांना पुरला. इतकी वर्षं ठाण्यात काढूनही त्यातल्या काही शिव्या मला नवीन होत्या. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते आणि माणूस चार इंच उंच दिसत होता. "जेवाले बोलावलं जी तिनं," एवढंच म्हणाला.

बाजार लगेच भरला नाही. भोंग्यावर सांगून भीती जात नाही, तिची जायची वेळ ती ठरवते. पुढच्या गुरुवारी मैदानात अकराच दुकानं लागली. समुपदेशक बाईंनी दर पंधरवड्याला यायचं ठरवलं आणि आता त्यांच्याकडे रांग लागायला लागली. रांगेत पहिला आमचा जमादार होता. बुलेट वाजली की अजूनही काही जण दचकत, पण आता एकमेकांकडे पाहून कसनुसं का होईना हसत.

या केसने मला काय शिकवलं, असं विचारलं तर उत्तर साधं आहे. एवढी मोठी घटना घडली की आम्ही पोलीस मेलेले मोजतो, जखमी मोजतो, काडतुसं मोजतो आणि फाईल बांधतो. ज्यांना खरचटलंही नाही अशांची कुठे नोंद होत नाही. त्या चाळीस माणसांनी जे ऐकलं ते खरंच ऐकलं होतं. आम्ही त्याला गफलत म्हणालो आणि त्यांना त्यांच्या कानांसह एकटं सोडलं. मग त्यांनी आपल्या भीतीला बसेल असा माणूस शोधला. त्यांनी शोधला आणि मी त्याला जीपमध्ये घातला. तेव्हापासून मी कोणत्याही साक्षीदाराला 'तुम्हाला भास झाला असेल' असं म्हणालो नाही. त्याच्याबरोबर जाऊन त्याच्या जागी बसून पाहत असे.

त्या अकरा दुकानांत एक काठ्यांचं होतं. मी सकाळी नऊला मैदानात गेलो, वर्दीशिवाय. काठ्यावाल्याने माल मांडला होता. शेजारी मावशी बसली होती, लोक तिच्याकडून फुटाणे घेत होते. याच्याकडे कोणी थांबत नव्हतं. येत, काठ्यांकडे पाहत, नजर चुकवून पुढे जात. पहिलं गिऱ्हाईक व्हायला कोणी तयार नव्हतं. दहा वाजले. साडेदहा झाले. मी स्वतः पुढे जायचा विचार करत होतो, पण पोलिसाने केलेल्या बोहनीला काय किंमत?

तेवढ्यात कापड दुकानदार आला. सरळ काठ्यांपुढे उभा राहिला. त्याने एक तुतारी उचलली, आर बोटाने तपासली, भाव विचारला आणि काठ्यावाल्याने सांगितला तेवढा, घासाघीस न करता, त्याच्या हातावर ठेवला. काठ्यावाल्याने पैसे कपाळाला लावले.

मावशीने मोठ्याने विचारलं, "काहून गा, बैल घेतले काय?"

"नाही," दुकानदार म्हणाला. बैल त्याच्या घरात कधीच नव्हते. काठी खांद्यावर टाकून तो भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल असा, सावकाश चालत आपल्या दुकानाकडे गेला.